खोक्यातला ताजमहाल

लेगोने २००८ साली ताजमहाल काढला. सेट क्रमांक १०१८९, तुकडे ५,९२२. तोवर एवढ्या तुकड्यांचा दुसरा सेट कंपनीने काढला नव्हता. काही वर्षांनी त्याचं उत्पादन थांबलं आणि बंद झालेल्या वस्तूंचं जे होतं तेच त्याचं झालं. जुन्या सेट्सच्या बाजारात न उघडलेल्या खोक्याचा भाव हजारो डॉलरवर गेला. ज्यांनी दोन-दोन घेऊन ठेवले होते, एक बांधायला आणि एक जपून ठेवायला, त्यांना आपण फार दूरदृष्टीचे आहोत असं वाटू लागलं. मग २०१७ मध्ये कंपनीने तोच ताज पुन्हा काढला. नवा क्रमांक १०२५६, तुकडे ५,९२३. वाढलेला तो एक तुकडा ताजमध्ये कुठेच बसत नाही, कारण ते घट्ट बसलेल्या विटा सोडवायचं नारिंगी अवजार आहे. जुन्या खोक्याचा भाव धाडकन खाली आला.

कुणाचे पैसे बुडाले म्हणून मला ही गोष्ट आवडते असं नाही. तिच्यात समीक्षेचा एक जुना प्रश्न अगदी उघड्यावर येतो, म्हणून आवडते. २०१६ मधल्या त्या खोक्यात एवढी किंमत नेमकी कशाची होती? विटांची? त्यातल्या बहुतेक सुट्या मिळतात. रचनेची? ती २०१७ च्या सेटमध्ये जशीच्या तशी आहे. राहता राहिलं खोकं, आणि ते कुणी उघडलेलं नाही ही वस्तुस्थिती.

लेगो जमवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ठरवावं लागतं की सेट बांधून झाल्यावर खोकं, पिशव्या आणि मॅन्युअल यांचं काय करायचं. वरवर हा कपाटातल्या जागेचा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे: माळा. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, आत थर्माकोल जसाच्या तसा. घर बदलताना लागेल, वॉरंटीत लागेल. वॉरंटी संपते, टीव्ही बदलतो, खोकं तिथेच. पण तिथे कुणी म्हणत नाही की हे खोकंच टीव्ही आहे. लेगोच्या बाबतीत लोक जवळपास तसंच म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. यातली मॅन्युअल ही एकच गोष्ट ठेवण्यासारखी आहे. तिला पुढे भाव येईल म्हणून नव्हे, तर तीच मूळ कृती आहे म्हणून.

सोरेन आयलर्स नावाच्या डॅनिश गणितज्ञाने एक गणित केलं होतं. दोन बाय चारच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घ्या. त्या किती वेगवेगळ्या प्रकारे एकमेकींत बसवता येतील? उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. फक्त सहा विटा! लेगोवाले हा आकडा कौतुकाने सांगतात आणि त्याचा अर्थ ‘कल्पनाशक्तीला सीमा नाही’ असा लावतात. मला त्यात उलटी गोष्ट दिसते. विटा म्हणजे बाराखडी. बाराखडी कितीही सुंदर असली तरी ती कुणी लिहिलेली कविता नसते. त्या एक्क्याण्णव कोटींतून कुणीतरी एक निवडतं, तिचा क्रम लावतं आणि दुसऱ्या माणसाला तो क्रम वाचता येईल अशा पद्धतीने कागदावर मांडतं. हा ‘कुणीतरी’ लेखक आहे, आणि त्याचा मजकूर मॅन्युअलमध्ये आहे.

मजकूर म्हटलं खरं, पण त्यात शब्द नसतात. बाण, गुणिलेची चिन्हं, मॉडेल उलटं करा असं सांगणारे दोन वळसेदार बाण, टेक्निकच्या सेट्समध्ये दांड्याची लांबी मोजता यावी म्हणून एकास एक मापात छापलेला दांडा. एकच पुस्तिका साऱ्या जगात चालते. सुरुवातीला एखादं पान असतं: गालिच्यावर तुकडे ओतू नका, सगळ्या पिशव्या एकदम फोडू नका. शेवटी जाहिराती. ज्यांच्या हातात २००० नंतरच्या दशकातली मॅन्युअल्स आली असतील त्यांना मागच्या पानावरचा ‘विन!’ म्हणून आ वासून ओरडणारा तो पोरगा आठवत असेल. या दोन टोकांच्या मध्ये जे असतं त्याला नीट वाचणारे फार कमी.

सेटसोबत बांधणीच्या सूचना द्यायला लेगोने १९६४ मध्ये सुरुवात केली. जुन्या आणि नव्या मॅन्युअलमध्ये काय फरक पडला हे पाहायचं तर १९७९ चं ‘गॅलेक्सी एक्स्प्लोरर’ आणि त्याचा २०२२ मधला नवा अवतार शेजारी ठेवावेत. पहिल्यात ३३८ तुकडे, दुसऱ्यात १,२५४. जुन्याच्या मॅन्युअलची पानं मोजकीच. प्रत्येक पायरीत यान आता कसं दिसतंय एवढंच चित्र. कोणते तुकडे घ्यायचे, किती घ्यायचे, नवीन कुठे लागले, काही सांगितलेलं नाही. तुम्ही आधीचं चित्र पाहायचं, आताचं पाहायचं आणि फरक स्वतः शोधायचा.

गिट वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. जुनं मॅन्युअल तुम्हाला फक्त स्नॅपशॉट देतं, डिफ तुम्हाला डोळ्यांनी काढावा लागतो. नवं मॅन्युअल डिफच देतं: कोपऱ्यातल्या चौकटीत या पायरीचे तुकडे, त्यांची संख्या, नुकत्याच लागलेल्या तुकड्याला रंगीत किनार. चुकायला जागाच नाही. कोडचा डिफ वाचताना आपण फक्त हिरव्या ओळी बघतो आणि आजूबाजूची फाईल बघत नाही, तसंच इथेही होतं. किनार दिसली, तुकडा लावला, पान उलटलं. मी अनेक सेट असे बांधलेत की शेवटच्या पायरीला वर बघितल्यावर कळलं, अरे, हे पंख होते होय.

हे नुसतं ‘आमच्या वेळी’ प्रकारातलं गाणं नाही. १९७९ मध्ये मी नव्हतेच. आणि ९,०९० तुकड्यांचा टायटॅनिक जर कुणी जुन्या पद्धतीने छापला असता तर तो बांधणारा माणूस त्या जहाजाआधी बुडाला असता. आकार वाढला तशी भाषा बदलली, हे बरोबरच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हल्लीच्या कित्येक मॅन्युअल्समध्ये दोन तुकड्यांची एक पायरी असते, कधी एकाची. बॉक्सवर प्रौढांसाठी म्हणून १८+ लिहायचं आणि आत वाचकाला एकेक घास भरवायचा, हे मला अपमानास्पद वाटतं. मॅन्युअलची गुणवत्ता मोजायची माझी एकच फूटपट्टी आहे: त्याचा वाचकावर किती विश्वास आहे? या फूटपट्टीने जुनं गॅलेक्सी एक्स्प्लोरर आजही सरस ठरतं, मग नवं यान दिसायला कितीही देखणं असो.

तरी नव्या मॅन्युअल्समध्ये एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ करते. मोठ्या सेट्सच्या पोटात डिझायनर मुद्दाम भलत्याच रंगांचे तुकडे घालतात. बाहेरून पांढरी किंवा करडी दिसणारी भिंत आत लाल, निळी, पिवळी असते. कारण साधं आहे. चाळीस करड्या तुकड्यांत आपण कुठे आहोत हे कळत नाही, पण लाल तुकड्याच्या शेजारी म्हटलं की कळतं. बांधून झालं की ते रंग झाकले जातात. खोक्यावरच्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत. शोकेसमध्ये ठेवलेलं मॉडेल बघणाऱ्या पाहुण्यांना ते ठाऊक नसतात. ते फक्त दोन ठिकाणी असतात, बांधणाऱ्याच्या आठवणीत आणि मॅन्युअलच्या पानांवर. तयार मॉडेल आपल्याच घडणीचा इतिहास झाकतं, मॅन्युअल तो उघडा ठेवतं. कमिट हिस्टरी पुसून फक्त शेवटचा बिल्ड देणाऱ्या टीमबद्दल आपण काय म्हणतो ते आठवा.

या लेखकाचं नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. चाहत्यांच्या कल्पनांवर निघणाऱ्या ‘आयडियाज’ मालिकेत मूळ कल्पना कुणाची हे छापतात, मोठ्यांच्या सेट्समध्ये डिझायनरशी गप्पा असतात. पण मॉडेल रचणारा वेगळा आणि त्याची पायरी-पायरी लावणारा वेगळा. हा दुसरा माणूस कायम अनामिक. भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर यायला आपल्याकडे किती वर्षं लागली, आणि कितीदा अजूनही येत नाही, हे माहीत असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता खोक्याकडे येते. मी खोक्यांची वैरी नाही. काही खोकी खरंच वाचण्यासारखी होती.

जुन्या खोक्यांच्या मागच्या बाजूला, कधी झाकणाच्या आत, याच तुकड्यांतून बनणाऱ्या दुसऱ्याच मॉडेल्सचे फोटो असायचे. अग्निशमन बंब घेतलात तर मागे त्याच विटांचं विमान, क्रेन, कुठलीशी विचित्र बोट. त्यांच्या सूचना मात्र कुठेच नसायच्या. एकाच कोनातला एकच फोटो. बनवायचं असेल तर त्यावरून अंदाज बांधा, मागची बाजू कशी असेल ते स्वतः ठरवा. मॅन्युअलमध्ये नसलेला मजकूर या खोक्यावर होता आणि तो अर्धवट होता म्हणूनच वाचकाला कामाला लावणारा होता. १९८० च्या दशकातल्या एखाद्या सेटचं खोकं कुणी जपलं असेल तर मी त्याची बाजू घेईन. ते फेकलं तर खरोखर काहीतरी जातं.

आजच्या खोक्याच्या मागे काय असतं? तेच मॉडेल, दुसऱ्या बाजूने. दार उघडतं, तोफ फिरते, छत निघतं. पुढची बाजू म्हणजे पोस्टर आणि मागची म्हणजे पोस्टरची पुरवणी. पर्यायी मॉडेल्स ‘क्रिएटर’ मालिकेत वगैरे आहेत, पण तिथे त्यांच्या रीतसर सूचनाही असतात. आजचं खोकं असं काहीच सांगत नाही जे मॅन्युअल किंवा मॉडेल सांगत नाही. ते उघडेपर्यंत कामाचं. उघडल्यावर ते पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला रद्दीवाला भाव देतो.

बाजार याच्याशी सहमत नाही. ब्रिकलिंक ही जुन्या लेगोची सगळ्यात मोठी ऑनलाइन मंडई. २००० मध्ये एका चाहत्याने सुरू केली, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. तिच्या कॅटलॉगमध्ये सेट, सुटे तुकडे, मिनिफिगर यांच्या बरोबरीने ‘सूचना’ हा स्वतंत्र विभाग आहे आणि ‘मूळ खोकी’ हाही. म्हणजे रिकामं खोकं ही विकत घेण्याची वस्तू आहे, क्रमांकासकट. मला सुरुवातीला हे हास्यास्पद वाटलं, पण विचार केल्यावर त्यातला प्रामाणिकपणा आवडला. विटा, मजकूर आणि वेष्टन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या कॅटलॉगने जेवढं स्वच्छ मान्य केलंय तेवढं फार कमी समीक्षकांनी पुस्तकांबाबत केलं असेल.

गडबड होते ती या तिन्ही पुन्हा चिकटवून त्यावर ‘सीलबंद’ असा शिक्का मारल्यावर. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातले सेट तपासून दाखवलं की बंद झालेल्या, न उघडलेल्या सेट्सनी सरासरी वर्षाला साधारण ११ टक्के परतावा दिला. बातमी जगभर झाली. एफडीपेक्षा बरं, असं ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर मीही ऐकलं. सरासरी म्हणजे सगळ्यांची सरासरी हे ऐकणारा नेहमीच विसरतो. काही सेट बुडालेही. पण परतावा कितीही असो, तो मिळवायची अट एकच: वाचायचं नाही. तुम्ही पुस्तक विकत घ्यायचं, प्लास्टिकमध्ये ठेवायचं, आणि ज्या दिवशी ते प्लास्टिक फाडाल त्या दिवशी तुमचं नुकसान सुरू. वाचन हेच घसारा.

अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या पुस्तकात कलांची एक विभागणी केली होती, ती इथे उपयोगी पडते. चित्राची हुबेहूब नक्कल केली तर ती बनावट ठरते, कारण चित्र एकच असतं, त्या विशिष्ट हाताने त्या विशिष्ट कॅनव्हासवर केलेलं. संगीताचं तसं नाही. स्वरलिपीत लिहिलेली बंदिश दहा गायक गातील, कुणी चांगली, कुणी वाईट, पण त्यातली कुठलीच ‘बनावट बंदिश’ नसेल. लेगोचा ताज दुसऱ्या जातीचा आहे. २००८ च्या विटांनी बांधा, २०१७ च्या बांधा, सुटे तुकडे गोळा करून बांधा, मॅन्युअलप्रमाणे बांधलेला प्रत्येक ताज तोच ताज. खरा ताजमहाल आग्र्यात एकच आहे आणि त्याचं दुसरं मुद्रण निघणार नाही. बाजाराने लेगोच्या ताजला त्या ताजसारखं वागवलं. २०१७ ची आवृत्ती निघाली तेव्हा एवढंच झालं की तो बंदिशीसारखा आहे हे कंपनीने सगळ्यांसमोर गाऊन दाखवलं.

पहिल्या आवृत्तीचं मोल असतंच, असं यावर कुणी म्हणेल. असतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिली आवृत्ती दिसली की माझाही हात थांबतो. पण पहिली आवृत्ती जपणाऱ्याने निदान ती पानं उलटून पाहिलेली असतात. बिलुंडला, कंपनीच्या गावी, लेगोचं एक तळघर आहे. तिथे जुने सेट त्यांच्या मूळ खोक्यांत मांडणीवर ठेवलेत. तिथे जाणारे चाहते आपल्या लहानपणीचं खोकं शोधतात आणि हळवे होतात. ती मांडणी असायलाच हवी. कुणीतरी एकाने सगळ्यांसाठी एक प्रत जपावी, त्याला अभिलेखागार म्हणतात. तीच गोष्ट दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली केली तर त्याला साठा म्हणतात.

माझ्या फाईलमध्ये सतरा मॅन्युअल्स आहेत. खोकं एकही नाही. फाईल म्हणजे साधी रिंगची जाड फाईल, आत पारदर्शक खिसे. इथे थोडं व्यवहाराचं बोलते, कारण आपल्या हवेत कागद टिकवणं ही गंमत नाही. खिसे पीव्हीसीचे घेऊ नयेत. काही वर्षांनी ते चिकट होतात आणि छपाईची शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. पातळ मॅन्युअल्सना पिना असतात, त्या पावसाळ्यात गंजतात आणि गंजाचा डाग मधल्या पानात उतरतो. मुंबई-कोकणात हे एकाच पावसाळ्यात होऊ शकतं. जाड मॅन्युअल्स गोंदाने बांधलेली असतात. ती सपाट उघडून ठेवायचा हट्ट केला की कणा मोडतो आणि पानं सुटतात. कसर लागते. फाईल उभी ठेवावी, भिंतीला लागून ठेवू नये, दिवाळीच्या साफसफाईत एकदा प्रत्येक पान उलटावं. न लावलेले स्टिकर असतील तर त्यांचा भरवसा धरू नये. त्यांचा गोंद वाळतोच.

आता खरा आक्षेप. मॅन्युअल म्हणजे मजकूर, तर मग पीडीएफ काय वाईट? कंपनीच्या साइटवर नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या बहुतेक सेट्सच्या पीडीएफ फुकट आहेत. त्याआधीची चाहत्यांनी स्कॅन करून ठेवलीत, इंटरनेट आर्काइव्हवरही ढीग आहे. बंदिशीचंच उदाहरण पुढे न्यायचं तर स्वरलिपी वहीत असली काय आणि फोनवर असली काय.

हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. घर बदलताना वजन नको असेल तर छापील मॅन्युअल्स द्यावीत आणि पीडीएफ ठेवाव्यात, कृती हरवत नाही. फक्त पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे म्हणजे आपल्याकडे आहे, हा समज माझ्या धंद्यातले लोक तरी करून घेत नाहीत.

पण ‘लेगो बिल्डर’ ॲपबद्दल मला वेगळं म्हणायचंय. तिथे बऱ्याच सेट्सच्या पायऱ्या त्रिमितीत आहेत. बोटाने मॉडेल गोल फिरवा, जवळ आणा, मागून बघा. सोय म्हणून उत्तम. लहान मुलांना फार बरं पडतं. पण मॅन्युअलमधलं प्रत्येक चित्र एका कोनातून काढलेलं असतं आणि तो कोन कुणीतरी निवडलेला असतो. आत्ता तुला एवढंच दिसू दे, मागचं पुढच्या पानावर. हा निवेदकाचा आवाज आहे. कथेत निवेदकाला काढून टाकून सगळ्या पात्रांचं सगळं एकदम दाखवलं तर माहिती वाढेल, कथा राहणार नाही. ॲपमध्ये कॅमेरा वाचकाच्या हातात येतो आणि निवेदक घरी जातो. छापील मॅन्युअल आणि त्याची पीडीएफ एकच कृती आहे. ॲप ही त्या कृतीची वेगळी आवृत्ती आहे, चित्रपट-रूपांतरासारखी. ते बघितलं म्हणजे हे वाचलं, असं होत नाही.

मॅन्युअल हा मजकूर आहे असं मी इतक्या ठामपणे म्हणते त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. मॅथ्यू शिफ्रिन हा बॉस्टनकडचा जन्मांध मुलगा. त्याला लेगो आवडायचं, पण चित्रांचं मॅन्युअल त्याच्यासाठी कोरी वही. लिल्या फिंकेल ही त्याच्या कुटुंबाच्या जवळची बाई. त्याच्या तेराव्या वाढदिवसाला तिने एक मोठं खोकं आणि एक जाडजूड फाईल आणली. खोक्यात ‘बॅटल ऑफ अलामूत’ हा ८२१ तुकड्यांचा सेट, फाईलमध्ये त्याचं अख्खं मॅन्युअल ब्रेलमध्ये. तिने चित्रं बघून एकेक पायरी शब्दांत उतरवली होती. त्यासाठी आधी तुकड्यांना नावं लागली, कारण चित्राला नाव लागत नाही पण वाक्याला लागतं. ती दोघांनी मिळून ठरवली. पुढे असे आणखी सेट झाले आणि त्या सूचना इतर अंध मुलांसाठीही खुल्या झाल्या. २०१७ मध्ये लिल्या वारल्या. २०१९ मध्ये लेगोने ऑस्ट्रियातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधन संस्थेबरोबर ध्वनी आणि ब्रेल सूचनांचा अधिकृत प्रकल्प सुरू केला. मुळाशी मॅथ्यूने कंपनीपुढे मांडलेलं लिल्यांचं काम होतं.

ज्याचं भाषांतर होऊ शकतं तो मजकूर. खोक्याचं भाषांतर करून दाखवा. आणि ब्रिकलिंकच्या त्या स्वच्छ कॅटलॉगात त्या पहिल्या ब्रेल फाईलला कोणत्या विभागात टाकाल? ती ना मूळ आहे, ना सीलबंद. ती शेकडो वेळा हाताळली गेली असणार, ब्रेलचे उंचवटे बोटांनी झिजतात. बाजाराच्या भाषेत वापरलेली, डागाळलेली प्रत. अलामूतची सगळी न उघडलेली खोकी एकत्र केली तरी त्या फाईलएवढं काही त्यांत नाही.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून गेल्या महिन्यात फाईलमधलं सगळ्यात पातळ मॅन्युअल काढलं आणि त्याचं मराठीत शब्दांकन करायला बसले. एक छोटी पोलिसांची गाडी. ‘वीट’ सोपं. ‘प्लेट’ला आधी पट्टी लिहिलं, पण चार बाय सहाची पट्टी कानाला बरी वाटेना, मग पाटी केलं. ‘स्लोप’ला उतार, त्याच्या उलट्या भावाला उलटा उतार. दोन टोकांच्या जागेत मधोमध एकच टोक असलेल्या तुकड्याला इंग्रजीत ‘जंपर’ म्हणतात, मी एकबटणी म्हटलं. त्याहून अवघड दिशा. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, माझ्या की गाडीच्या? शेवटी गाडीचं तोंड वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवलं आणि बाकीच्या दोन बाजूंना ‘अंगाकडची’ आणि ‘पलीकडची’ असे शब्द घेतले. शब्दच नसलेल्या पहिल्या चित्राला पस्तीस शब्द लागले. सातव्या पायरीला कळलं की चौथीत मूळ लेखकाने मॉडेल उलटं केलंय, कारण तसं केल्याशिवाय पुढचे तीन तुकडे दोन हातांत धरताच येत नाहीत. ती गाडी मी दोनदा बांधलेली आहे आणि हे तेव्हा कधीच लक्षात आलं नव्हतं.

लिहिलेली पानं त्याच खिशात, मॅन्युअलच्या मागे ठेवते आहे. सध्या अकराव्या पायरीवर अडलंय. अर्धा भाग आडवा आणि अर्धा उभा असलेला, काटकोनात वळलेला एक तुकडा आहे. भिंतीला फळी धरून ठेवायला सुतार तसाच लोखंडी तुकडा वापरतात. त्याला ते काय म्हणतात, ते विचारायचंय.